भाषणात नेतृत्वावरची अवतरणं: किती, कुठे आणि कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सहकारी पतसंस्थेच्या नव्या अध्यक्षांना वार्षिक सभेत, कर्मचाऱ्यांच्या बैठकीत, कुणाच्या निवृत्तीच्या समारंभात, कधी गावच्या शाळेत बक्षीस वाटताना बोलावं लागतं. नेतृत्वावरचे थोरामोठ्यांचे उद्गार त्यांनी वहीत जमवले आहेत. प्रत्येक भाषणात ते चार-पाच घालतात, तरी समोरचे लोक मोबाइलमध्येच असतात. असे उद्गार किती वापरावेत, कुठे वापरावेत, खरेखोटे कसे ओळखावेत आणि साध्या बोलण्यात ते आणावेत का, हे त्यांना हवं आहे.

पहिली दुरुस्ती आकड्याची. पाच मिनिटांच्या भाषणात एक अवतरण. दहा मिनिटांत फार तर दोन, आणि वीस मिनिटं मिळाली तरी तिसऱ्यावर थांबावं. सावकाश, शेवटच्या रांगेला कळेल असं मराठी बोलणारा माणूस मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द बोलतो. म्हणजे पाच मिनिटांचं भाषण जेमतेम सहाशे शब्दांचं. त्यात पाच उद्गार, त्यांच्या कर्त्यांची नावं आणि 'या ठिकाणी मला आवर्जून नमूद करावंसं वाटतं' हे जोडकाम धरलं, तर दोनशेच्या वर शब्द दुसऱ्यांच्या वाट्याला जातात. सभासद आलेले असतात लाभांश किती आणि थकबाकीचं काय झालं हे ऐकायला. अध्यक्षांचं स्वतःचं म्हणणं काय, हेच त्यांना सापडत नाही.

दुसरी दुरुस्ती क्रमाची, आणि खरी मेख तिथे आहे. वही उघडून तयारीला बसलं की आधी उद्गार आवडतो आणि मग त्याला साजेसा मुद्दा शोधला जातो. हे उलटं करा. सभा संपल्यावर लोकांनी कोणती एक गोष्ट मान्य केलेली असावी, ते वाक्य आधी स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. मग विचारा: हे माझ्या एकट्याच्या सांगण्यावर लोक मानतील का? मानत असतील तर अवतरणाची गरजच नाही. जिथे लोक 'हे असं कशावरून?' किंवा 'हे सांगणारे तुम्ही कोण?' म्हणतील, तिथेच दुसऱ्याला बोलवावं. अवतरण हा साक्षीदार आहे. वकील आधी आपलं म्हणणं मांडतो, साक्षीदाराकडून हवं तेवढंच वदवून घेतो आणि पुढचा युक्तिवाद पुन्हा स्वतः करतो. खटला कशाचा ते न सांगता साक्षीदारांची रांग लावली, तर न्यायाधीश जांभया देणारच.

हे कसं साधतं याचा उत्तम नमुना म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीचं संविधान सभेतलं भाषण. नेत्यावर लोकांनी किती विसंबावं, हा त्यातल्या एका भागाचा विषयच आहे. ते इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचा सल्ला पुढे ठेवतात: माणूस कितीही थोर असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये, आणि संस्था उलथवता येतील इतके अधिकार विश्वासाने त्याच्या हाती देऊ नयेत. ऐकणाऱ्याच्या मनात इथे शंका येणार की मग थोरांबद्दल कृतज्ञताही बाळगायची नाही का? ती शंका ते स्वतःच काढतात. देशासाठी आयुष्य वेचणाऱ्यांबद्दल कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, पण कृतज्ञतेला मर्यादा आहेत. त्या मर्यादेसाठी दुसरा साक्षीदार येतो, आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल: स्वाभिमान गमावून पुरुषाला, शील गमावून स्त्रीला आणि स्वातंत्र्य गमावून राष्ट्राला कृतज्ञ राहता येत नाही. लगेच वळण: हा इशारा इतर कुठल्याही देशापेक्षा भारताला अधिक लागू आहे, कारण इथल्या राजकारणात भक्तीचा वाटा फार मोठा आहे. आणि मग त्यांचं स्वतःचं वाक्य येतं. धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा हमखास रस्ता आहे.

आज या भागातला ओकॉनेल फारसा कुणाला आठवत नाही. लक्षात राहिलं ते शेवटचं वाक्य, जे बाबासाहेबांचं आहे. पायऱ्या मोजून पाहा: दावा, शंका, साक्ष, 'आपल्याकडे', स्वतःचं वाक्य. आपल्या भाषणांमध्ये बहुतेक वेळा शेवटच्या दोन पायऱ्या गायब असतात. उद्गार म्हटला जातो, टाळीसाठी क्षणभर थांबलं जातं आणि पुढच्या मुद्द्यावर उडी. 'आपल्याकडे याचा अर्थ काय' हे दोन वाक्यांत सांगितलं नाही, तर तो उद्गार दिनदर्शिकेच्या पानावरच राहतो.

आता मराठी व्यासपीठावरचं अगदी हातचं झालेलं वाक्य घेऊ. "रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका." शिवजयंतीला, अधिकाऱ्यांच्या निरोपाला, निवडणुकीच्या सभेत, सगळीकडे ते येतं, आणि सांगणारा बहुधा मोहिमेवर निघालेल्या सैनिकांना महाराज बजावत आहेत असं चित्र उभं करतो. यात दोन वेगळ्या पत्रांची सरमिसळ आहे.

एक पत्र चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना आहे. पावसाळा तोंडावर आलाय, दाणावैरण जपून वापरा. आत्ताच उधळलीत तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारली असं होईल, आणि मग तुम्ही मुलखाला त्रास द्यायला लागाल. "कोण्ही कुणब्याचे येथील दाणे आणील, कोण्ही भाकर, कोण्ही गवत, कोण्ही फाटे, कोण्ही भाजी, कोण्ही पाले." तसं झालं तर घर धरून राहिलेले कुणबीही निघून जातील, कित्येक उपाशी मरतील, आणि त्यांना मोगलांपेक्षा तुम्ही वाईट वाटाल. पुढे गवताच्या गंजीजवळ विस्तव नको, तंबाखू ओढताना जपा, रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर जळती वात नेईल, इथपर्यंत बारकावे आहेत.

देठाचा उल्लेख मात्र दुसऱ्या पत्रात. सप्टेंबर १६७६ मधलं हे पत्र कोकणातल्या प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना आहे. "येक भाजीच्या देठास तेहि मन न दाखविता" इमानाने काम कर, असं त्यात बजावलंय. म्हणजे लोभाचा हा इशारा शिपायाला दिलेला नाही, वसुली करणाऱ्या स्वतःच्या बड्या अधिकाऱ्याला दिलेला आहे. त्याच पत्रात पुढे कामाची रीत आहे: गावोगाव फिर, कुणब्यांना गोळा कर, ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे दे, पोटाला धान्य दे, आणि नंतर वाढीदिडी (व्याज) न लावता मुद्दलच हळूहळू उगवून घे.

पतसंस्थेच्या अध्यक्षाला याहून नेमकं काय हवं? सरमिसळ केलेलं वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं आहे, त्यामुळे ते कानावरून जातं. पत्र कुणाला लिहिलं आणि कशाबद्दल लिहिलं, हे एका वाक्यात सांगितलं की तेच शब्द नव्याने ऐकू येतात. सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत हे असं बोलता येईल:

"शाखेच्या फर्निचरचं काम आपण निविदा काढून दिलं. दर योग्य होता, काम चांगलं झालं. तरी काही सभासदांनी विचारलं की ठेकेदाराशी कुणाचे संबंध आहेत. विचारणं बरोबरच आहे. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये रामाजी अनंत या आपल्या सुभेदाराला लिहिलं होतं: येक भाजीच्या देठास तेहि मन न दाखविता काम कर. हे पत्र शत्रूला नाही, आपल्याच अधिकाऱ्याला आहे. आपल्या संस्थेत भाजीचा देठ म्हणजे दिवाळीचा मिठाईचा डबा. या वर्षीपासून कुठल्याही ठेकेदाराचा डबा संचालकांच्या घरी जाणार नाही. आला तर परत जाईल आणि तशी नोंद कार्यालयातल्या वहीत होईल. सुरुवात माझ्या घरापासून."

हा मजकूर सुमारे ऐंशी शब्दांचा, म्हणजे पाऊण मिनिटाचा आहे. उद्गार त्यात फक्त सात-आठ शब्दांचा आहे. सभासद टाळी वाजवतील ती डब्याच्या वाक्याला, आणि ते योग्यच. पण महाराजांचं वाक्य डब्याची घोषणा न करता म्हटलं, तर मागच्या रांगेतून 'मग फर्निचरचं काय?' असा आवाज येतो. नेतृत्वावरच्या अवतरणांचं हे वैशिष्ट्य लक्षात ठेवा. पावसावरची कविता म्हणणाऱ्याला कुणी तपासत नाही. नेत्याने कसं वागावं हे सांगणाऱ्याला लोक त्याच क्षणी त्या मापाने मोजतात. तुकोबांचं "बोले तैसा चाले । त्याची वंदीन पाउलें" हे गाथेतलं वचन व्यासपीठावर उच्चारायचं तर गेल्या वर्षी याच सभेत दिलेली आश्वासनं आधी काढून पाहावीत. दोन पुरी झाली नसतील तर वचन वहीतच राहू द्या, किंवा न झालेल्या दोन गोष्टी आधी सांगा आणि मग ते म्हणा. (आणि 'वंदावी' नव्हे, 'वंदीन'. मी वंदन करीन, असं तुकोबा स्वतःबद्दल बोलताहेत. लोकांना आज्ञा करत नाहीत.)

डॉ. अब्दुल कलाम स्वतः सांगत असलेला एसएलव्ही-३ या उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटचा प्रसंग याच कारणाने जपून वापरावा. १० ऑगस्ट १९७९ ला उड्डाण फसलं तेव्हा पत्रकारांना सामोरे गेले इस्रोचे प्रमुख सतीश धवन. १८ जुलै १९८० ला ते यशस्वी झालं तेव्हा त्यांनी पत्रकार परिषदेला कलामांना पुढे केलं. मिनिटभरात सांगून होतो, खरा आहे, आणि व्यवस्थापनाच्या प्रत्येक शिबिरात सांगून झालेला आहे. एखाद्या चुकीची जबाबदारी तुम्ही त्याच भाषणात स्वतःकडे घेणार असाल तरच तो सांगा.

अर्धवट उद्गारांचं काय? हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की लक्षातही येत नाही. "सामर्थ्य आहे चळवळेचें । जो जो करील तयाचें" इथे वक्ते थांबतात. दासबोधातली ही ओवी (दशक २०, समास ४, ओवी २६) पुढे म्हणते: "परंतु तेथें भगवंताचें । अधिष्ठान पाहिजे." 'परंतु'च्या आधी थांबणं म्हणजे अट गाळून वचन देणं. तुमचा मुद्दा फक्त संघटनेच्या बळाचा असेल, तर ओवी सोडून तो साध्या शब्दांत सांगा. महात्मा फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' मधल्या ओळींची अवस्था याहून वाईट. विद्येविना मती, मतीविना नीती, नीतीविना गती, गतीविना वित्त, इथपर्यंत शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं. त्यानंतरचं "वित्ताविना शूद्र खचले" हे, ज्यासाठी ती सगळी साखळी रचली आहे, ते बऱ्याचदा भिंतीवर येतच नाही. शाळेत बक्षीस वाटताना हे म्हणायचं असेल तर पूर्ण म्हणा. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना वगळून फुल्यांचं नाव घेणं समोरच्या अनेकांना टोचतं, आणि टोचायलाच हवं.

खरं की खोटं, हे तपासायला फार वेळ लागत नाही. चार गोष्टी लागतात: कुणी म्हटलं, कुणाला किंवा कुठे, कधी, आणि ते आज कोणत्या छापील ग्रंथात सापडतं. चारपैकी किमान तीन हाती आल्याशिवाय व्यक्तीचं नाव घेऊ नका. पन्नास संकेतस्थळांवर असणं हा पुरावा नाही, ती सगळी एकमेकांचीच नक्कल असते. गांधीजींचं समग्र साहित्य शंभर खंडांत आहे, बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं महाराष्ट्र शासनाने खंडांमध्ये काढली आहेत, महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय उपलब्ध आहे. दासबोध आणि ज्ञानेश्वरीला ओवी क्रमांक असतात. गाथेचे अभंग क्रमांक आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून तिथे आवृत्ती कोणती ते टिपून ठेवावं.

'जगात जो बदल पाहायचा आहे तो तुम्ही स्वतः व्हा' हे गांधीजींच्या नावावर फिरणारं वाक्य त्या रूपात त्यांच्या लेखनात सापडत नाही. त्याच्या जवळ जाणारा विचार १९१३ च्या 'इंडियन ओपिनियन' या त्यांच्या वृत्तपत्रातल्या आरोग्यविषयक लेखमालेत, तेही सर्पदंशाच्या प्रकरणात आहे: आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील. 'आधी ते दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात, मग तुम्ही जिंकता' हेही गांधीजींच्याच नावावर फिरतं, पण याच्याशी मिळतंजुळतं बोलणं १९१८ मध्ये अमेरिकेतल्या तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या अधिवेशनात निकोलस क्लाइन नावाच्या वक्त्याने केलेलं छापील सापडतं. त्यात शेवटी जिंकणं नाही, पुतळे उभारणं आहे. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या पीटर ड्रकरच्या नावावरचं 'संस्कृती ही धोरणाला न्याहारीत खाते' हेही त्याच्या पुस्तकांत नाही. बनावट वाक्याची चाहूल ऐकूनही लागते. सतराव्या शतकातला माणूस 'ध्येय', 'आत्मविश्वास' आणि 'यशाची गुरुकिल्ली' एकाच वाक्यात बोलत असेल, किंवा कलामांच्या फोटोखाली यमक जुळवलेल्या चार ओळी असतील, तर हात आखडता घ्या.

मूळ सापडलं नाही आणि वाक्य तर हवंच आहे, तर नाव काढून टाका. 'एक जुनं बोलणं आहे' एवढं पुरतं. वाक्यात दम असेल तर ते नावाशिवायही उभं राहतं. राहत नसेल तर तुम्ही वाक्य वापरत नव्हतात, नाव वापरत होतात.

इंग्रजीतून आलेले उद्गार मराठी सभेत आधी इंग्रजीत आणि मग मराठीत म्हणण्याची पद्धत आहे. वेळ दुप्पट जातो आणि जोर निम्मा होतो. सरळ मराठीत, बोलण्यासारख्या वाक्यात म्हणा. १४ नोव्हेंबर १९५७ च्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी, सैन्यात फार पूर्वी ऐकलेलं म्हणून सांगितलेलं वाक्य घ्या. मराठीत ते असं सांगता येतं: 'केलेले आराखडे कुचकामी ठरतात, पण आराखडा करायला बसणं हेच सगळं काही असतं.' कारणही त्यांनीच दिलंय: आणीबाणी म्हणजेच अनपेक्षित, ती तुम्ही आखल्यासारखी येणारच नाही. हे कारण जोडलं की वाक्य चमकदार राहत नाही, उपयोगी होतं. आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत, सर्व्हर बंद पडल्यास काय करायचं याच्या सरावाच्या दिवशी, ते चपखल बसतं.

संस्कृतबद्दल एवढंच, की उच्चार स्वच्छ नसेल तर सोडून द्या. गीतेतल्या "यद्यदाचरति श्रेष्ठः" या श्लोकावर (३.२१) ज्ञानेश्वरांची ओवी आहे: "एथ वडील जें जें करिती । तया नाम धर्मु ठेविती." मराठी सभेत हीच जास्त पोचते. वरची माणसं जे करतात त्यालाच खालचे नियम समजतात, हा तिचा रोख. कर्मचारी साडेदहाला का येतात याची चर्चा करताना शाखाधिकारी स्वतः किती वाजता येतात, हे या ओवीतच येऊन जातं.

जागा. पहिल्या मिनिटात अवतरण नको. तेव्हा माईक खालीवर केला जात असतो, मागे खुर्च्या सरकत असतात, तुमच्या तोंडी व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं असतात. 'शतेषु जायते शूरः'ने उघडलेली भाषणं याच गदारोळात वाहून जातात. अगदी शेवटीही नको, कारण शेवटचा आवाज दुसऱ्याचा राहतो आणि तुमची घोषणा त्याखाली दबते. उत्तम जागा म्हणजे अडचण सांगून झाली आहे आणि निर्णय सांगायचा आहे, त्या दोहोंच्या मधली. डब्याच्या उदाहरणात तसंच केलंय.

लांबी एका श्वासात मावेल इतकी, म्हणजे बारा ते वीस शब्द. त्याहून मोठं असेल तर कागद वर धरून वाचा. वाचण्यात कमीपणा काही नाही, उलट जुन्या पत्रातले शब्द कागदावरून वाचले की ते अस्सल वाटतात. पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर एकच उद्गार लिहा, अक्षरं मोठी, जिथे थांबायचं तिथे तिरकी रेघ. खाली कुणी, कुणाला, कधी. मागच्या बाजूला उद्गारानंतर म्हणायचं तुमचं स्वतःचं पहिलं वाक्य. घसरगुंडी होते ती नेहमी तिथेच, कारण उद्गार पाठ असतो आणि नंतरचं वाक्य पाठ नसतं. मग 'तर अशा प्रकारे' सुरू होतं.

म्हणताना आधी दीडदोन सेकंद थांबा, वेग थोडा कमी करा, आवाज चढवू नका. ओवी किंवा अभंग असेल तर कीर्तनी चाल लावण्याचा मोह होतो. गळा असेल तर ठीक, नाहीतर चरण तोडून गद्यासारखा म्हणावा. जुनी मराठी पहिल्यांदा कानाला पकडता येत नाही, म्हणून ओवी म्हणून झाल्यावर एका साध्या वाक्यात अर्थ सांगावा, तीन वाक्यांचं निरूपण नको. मध्येच विसरलात तर सुरुवातीपासून पुन्हा म्हणू नका. अर्थ सांगा आणि पुढे चला, निम्म्या लोकांना कळणारही नाही.

महाराष्ट्रातल्या समारंभांत एक अडचण हमखास येते: तुम्ही आणलेलं वचन सूत्रसंचालकाने आधीच म्हणून टाकलेलं असतं. निवेदकाच्या फायलीत दासबोध, तुकोबा, चारोळ्या, शेर सगळं ठासून भरलेलं असतं. कार्यक्रमाआधी पाच मिनिटं त्यांना गाठून 'माझ्यासाठी ही ओवी राखून ठेवाल का' असं सरळ विचारावं, निवेदक बहुधा आनंदाने ऐकतात. तरीही म्हटलीच गेली, तर पुढून धरता येतं. 'सामर्थ्य आहे चळवळेचें' त्यांनी अर्ध्यावर सोडलं असेल तर 'आत्ता ताईंनी जी ओवी म्हटली, तिचा पुढचा चरण मला सांगायचाय' म्हणून अधिष्ठानापासून सुरू करा. ताईंचाही मान राहतो.

नावं घेताना सभागृह ओळखा. 'फुले-शाहू-आंबेडकर' असं एका दमात म्हणून पुढे तिघांपैकी कुणाचाच विचार न मांडणं लोकांना आता पाठ झालंय. एक नाव, एक वाक्य, एक संदर्भ पुरे. शिवाजी महाराज, बाबासाहेब, महात्मा फुले यांचा एकेरी उल्लेख इंग्रजी मजकुरावरून भाषांतर करताना नकळत शिरतो. कार्ड लिहितानाच तो तपासा.

आता बोलण्यातल्या वापराबद्दल. समोरासमोर दोघं बसलेले असताना 'विवेकानंद म्हणतात' सुरू झालं की समोरच्याला उपदेश ऐकल्यासारखं होतं, त्यातून तुम्ही वरिष्ठ असाल तर जास्तच. तक्रार घेऊन आलेल्या, राजीनामा द्यायला आलेल्या किंवा चूक करून घाबरलेल्या माणसापुढे कुठलंही वचन नको. लिपिकाला रोख मोजताना तूट आली आहे, आणि तुम्ही त्याला 'केल्याने होत आहे रे' ऐकवताय, हे त्याला चिडवण्यासारखंच वाटेल. बैठकीत म्हण चालते, ती स्वतःच्या बाजूला वळवलेली असेल तर. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' असं आपल्याबद्दल व्हायला नको, म्हणून संचालकांचे प्रवासभत्ते आधी कमी करू, असं म्हटलं तर हशा पिकतो आणि काम होतं. तीच म्हण दुसऱ्याला मारली की बैठक तिथेच बिघडते.

रोजच्या कामात सर्वांत उपयोगी पडतं ते खोलीतल्याच माणसाचं अवतरण, आणि तेच कुणी वापरत नाही. 'गेल्या बैठकीत वसुली विभागाचे काका म्हणाले होते की नोटीस पाठवण्याआधी एकदा घरी जाऊन या, अर्धी माणसं पत्ता बदलल्यामुळे थकबाकीत असतात.' इथे साक्षीदार समोर बसलेला आहे, संदर्भ सगळ्यांना माहीत आहे आणि खोटेपणाला जागा नाही. पथ्य दोन. शब्द त्यांचेच हवेत, सुधारून सांगितले की त्यांना ते परके वाटतात. आणि त्यांच्या विरोधात वापरायचे नाहीत. यासाठी इतिवृत्त लिहिणाऱ्याला सांगून ठेवा की चर्चेचा नुसता गोषवारा नको. एखादं नेमकं वाक्य कुणी बोललं तर ते नाव आणि तारखेसह जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. सहा महिन्यांनी तोच विषय पुन्हा निघाला की रजिस्टर उघडून ते वाक्य वाचून दाखवता येतं, आणि ज्यांचं आहे त्यांना त्यावर पुढे बोलायला सांगता येतं.